कारखाना आहे, दवाखाना नाही

आउरिस्तेला आंचुंदियाचं उभ्या आयुष्यात कधी डोकं दुखलं नव्हतं. हे ती स्वतःच सांगायची, आणि दुसरी कुणी कपाळाला हात लावून बसलेली दिसली की हमखास सांगायची. वय बावन्न. मांता बंदरात ट्यूना मासा साफ करून डब्यात भरायचा कारखाना आहे, तिथं ती चोवीस वर्षं उभी होती. पहिली अकरा वर्षं हातात सुरी घेऊन, पुढची तेरा वर्षं गळ्यात शिट्टी घालून. दोन बाळंतपणं झाली, नवरा गेला, भूकंपात घराची मागची भिंत पडली. पण सकाळी सहाच्या भोंग्याला ती दारात नाही असं कधी घडलं नाही.

तिच्या हाताखाली चौसष्ट बायका. वाफेवर शिजून गार झालेला मासा लांबलचक स्टीलच्या टेबलांवर पडायचा. बायकांनी कातडं सोलायचं, काटे काढायचे, काळं मांस खरवडायचं आणि गोरं मांस तबकात रचायचं. प्रत्येकीच्या तबकाचं वजन होई. आत खायचं-प्यायचं काही न्यायला बंदी, कारण माल परदेशी जायचा. आणि मोरीला जायचं तर आउरिस्तेलाकडून लाकडी बिल्ला मागून घ्यायचा. बिल्ले दोनच. एका पाळीत एका बाईला एकदाच बिल्ला, हा नियम वरून आलेला नव्हता. तो आउरिस्तेलानं घातलेला होता.

तो गुरुवार होता. दहाच्या सुमाराला चौथ्या टेबलावरून हसण्याचा आवाज आला. मासा सोलताना कुणी तसं हसत नाही. आउरिस्तेला तिकडे गेली, तर ओलांदा एकटीच हसत होती. चौतीस वर्षांची, नवरा जहाजावर, कधी वर मान करून न बोलणारी ही बाई आज सुरी उलटी धरून स्वतःचाच हातमोजा खरवडत होती.

"ओलांदा, काय चाललंय?"

"तुझ्या बापाचं लग्न चाललंय," ओलांदा म्हणाली आणि पुन्हा हसली. तोंडावर घामाच्या धारा होत्या. जीभ जड झाली होती.

टेबलावरच्या सोळाही सुऱ्या थांबल्या.

आउरिस्तेलाच्या डोक्यात सणक गेली. चोवीस वर्षांत तिला कुणी असं बोललं नव्हतं. तिनं ओलांदाच्या हातातली सुरी काढून घेतली. ओलांदानं तिला ढकललं, स्वतःच भेलकांडली आणि टेबलाला धरून कशीबशी उभी राहिली.

"सकाळी सकाळी ढोसून आलीय," आउरिस्तेला मोठ्यानं म्हणाली, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. "हिला बाहेर हातपाय धुवायच्या जागी बाकावर बसवा. उतरली की घरी जाईल. आणि बाकीच्यांनी इकडे बघायची गरज नाही, मासा तिकडे आहे."

दोघींनी ओलांदाला धरून बाहेर नेलं. टेबलावर कुणी काही बोललं नाही. पण सगळ्यात जुनी बाई मेल्बा, जिच्या तोंडाला कारखाना भ्यायचा, तिनं आउरिस्तेलाकडे असं काही बघितलं की आउरिस्तेलाला वाटलं, हिला काहीतरी म्हणायचंय. "काय गं?" तिनं विचारलं. मेल्बा म्हणाली, "काही नाही, बाई." आणि मान खाली घातली. पाच मिनिटांनी पाहिलं तर मेल्बा जागेवर नव्हती. बिल्ला न घेता, सुरी टेबलावर टाकून ती बाहेर पळाली होती.

मग बाहेरून जी किंकाळी आली ती मेल्बाची होती.

ओलांदा बाकावरून खाली घसरली होती. अंग ताठ, डोळे पांढरे, तोंडाला फेस. डॉक्टर कारखान्यात मंगळवारी नि शुक्रवारी यायचा. फाटकावरचा पहारेकरी कोलोन रुग्णवाहिकेला फोन करत होता आणि मेल्बा ओरडत होती, "साखर! अगं, साखर उतरलीय तिची! दारू कसली, साखर!"

आउरिस्तेला दारात उभी होती. हातात ओलांदाची सुरी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिनिअर साल्तोसनं तिला वर बोलावलं. हा कारखान्याचा व्यवस्थापक. तरणा, इस्त्रीच्या सदऱ्यातला माणूस, आवाज कधी न चढवणारा. त्यानं एक कागद पुढं सरकवला.

"राजीनामा आहे. स्वखुशीचा. इस्पितळात जाऊन तिची सही आणा. तुमचं ऐकेल ती."

"ती शुद्धीवर आहे का, साहेब?"

"सहीपुरती असेल."

चोवीस वर्षांत आउरिस्तेलानं वरून आलेला कागद कधी परत केला नव्हता. तिनं घडी करून पर्समध्ये टाकला.

सरकारी इस्पितळात ओलांदा खिडकीखालच्या खाटेवर होती. हाताला सलाईन, ओठ फुटलेले. जीभ दाताखाली येऊन सुजली होती, त्यामुळे शब्द अडखळत येत होते. आउरिस्तेलानं आधी तिथल्या डॉक्टरणीला गाठलं.

"तुम्ही नातेवाईक?"

"कामावरची."

"मग तुमच्या सुपरवायझरला सांगा," डॉक्टरीण चालता चालता म्हणाली, "अजून वीस मिनिटं गेली असती तर बाई हाती लागली नसती. इन्सुलिन घेऊन उपाशी उभं ठेवता का माणसाला? एक गुळाचा खडा वेळेवर तोंडात पडला असता तरी पुरे होतं."

आउरिस्तेला खाटेजवळ गेली आणि उभीच राहिली. बसायला स्टूल होतं, तरी.

"तुला साखरेचा आजार आहे?"

"बाराव्या वर्षापासून."

"आणि कारखान्यात?"

"नऊ वर्षं झाली. बाटली बर्फाच्या थर्मासात घालून कपाटात ठेवायची. मोरीत जाऊन टोचून घ्यायची. गुळाचा खडा हातमोज्याच्या दुमडीत." ओलांदा छताकडे बघत बोलत होती. "गेल्या सोमवारी तुम्ही हातमोजे तपासलेत. खडा सापडला. आठवतं?"

आउरिस्तेलाला आठवलं. तिनं तो खडा सगळ्यांसमोर वर धरला होता आणि म्हणाली होती, 'इथं मुंग्या पाळायच्यात का?' मग कचऱ्यात टाकला होता.

"तेव्हापासून आणला नाही. काल हातपाय कापायला लागले तेव्हा मी बिल्ला मागितला. दोनदा. कपाटात रसाची बाटली होती."

"मी काय म्हणाले?"

"म्हणालात, एकदा जाऊन आलीस."

खाली रस्त्यावर कलिंगडवाल्याची गाडी ओरडत होती. आउरिस्तेलानं खाटेची दांडी धरली.

"मला सांगायचं होतंस, पोरी! एका शब्दानं सांगायचं होतंस! मी काय राक्षस आहे?"

ओलांदानं पहिल्यांदाच तिच्याकडे तोंड वळवलं.

"नार्सिसा आठवते?"

"कोण नार्सिसा?"

"दुसऱ्या टेबलावरची. फेफऱ्याची. सहा वर्षांपूर्वी टेबलाखाली पडली होती. उठल्यावर म्हणाली, बाई, मला झटके येतात, औषध चालू आहे, फक्त वाफेच्या भांड्याजवळ उभं करू नका. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

आउरिस्तेलाला खरंच आठवेना. एक बारीक, उंच मुलगी अंधुक डोळ्यांपुढे आली, एवढंच.

"म्हणालात, हा कारखाना आहे, दवाखाना नाही." ओलांदानं डोळे मिटले. "आठवड्याभरात तिला काढलं. त्या दिवसापासून आम्ही कुणी काही सांगत नाही. नवीन मुलगी आली की तिला सुरी कशी धरायची ते शिकवतो, आणि हे वाक्य शिकवतो."

सही राहिली. पर्समधला कागद बाहेर निघालाच नाही. आउरिस्तेला जिना उतरून रस्त्यावर आली आणि बस सोडून चालत सुटली. बोलून गेलेलं, विसरूनही गेलेलं एक वाक्य. आणि चौसष्ट बायकांनी ते सहा वर्षं कायद्यासारखं पाळलं होतं. ती रोज ज्यांच्यापुढून फिरत होती त्या बायका कोण होत्या, हेच तिला ठाऊक नव्हतं.

शनिवारी अर्धी पाळी. भोंगा झाल्यावर तिनं सगळ्यांना कपडे बदलायच्या खोलीत थांबवलं. मधोमध स्टुलावर एक मोठा रिकामा डबा ठेवला होता, वर फट पाडलेला.

"प्रत्येकीनं एक चिठ्ठी टाकायची," ती म्हणाली. "अंगात कायमचं दुखणं असेल ते लिहायचं. नसेल तर कोरी टाका, पण टाका, म्हणजे कुणी लिहिलं ते कुणाला कळणार नाही. नाव नको."

बायकांनी मेल्बाकडे बघितलं.

"बाई," मेल्बा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आधी दुखणी काढून घ्याल, मग आम्हाला काढाल. आम्ही मासे सोलतो, मासे नाही आहोत. गळाला लागायला."

एरवी या बोलण्यावर मेल्बाची अर्ध्या दिवसाची मजुरी गेली असती. आउरिस्तेला म्हणाली, "ओलांदा माझ्यामुळे मरत होती. मी तिचा गूळ फेकला आणि तिला बिल्ला दिला नाही. आणि तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं, की तिला काय झालंय."

कुणीतरी हुंदका दिला. मग मागून एक आवाज आला, "माहीत होतं, बाई. पण तिनं आमच्याकडून शपथ घेतली होती."

"म्हणून लिहा. अक्षर ओळखू येईल वाटत असेल तर डाव्या हातानं लिहा. वाचणार मी एकटी."

ती बाहेर जाऊन थांबली. अर्ध्या तासानं डबा उचलला तेव्हा आत त्रेसष्ट घड्या होत्या. इस्पितळातली ओलांदा सोडून सगळ्यांच्या.

रविवारी सकाळी, चर्चला जायच्या आधी, तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर डबा उपडा केला. बाजूला कॉफी आणि हिरव्या केळ्याचा चीज घातलेला गोळा. कॉफी गार झाली, गोळ्याला हात लागला नाही. सत्तावीस चिठ्ठ्या कोऱ्या. छत्तीस लिहिलेल्या, ओलांदा धरून सदतीस.

रक्तदाब. रक्तदाब. साखर. 'एकच मूत्रपिंड आहे, पाणी सारखं प्यावं लागतं, पण पाणी प्यायलं तर बिल्ला लागतो, म्हणून पीत नाही.' दमा, 'वाफेनं वाढतो.' 'महिन्याला इतका रक्तस्राव होतो की दोन विजारी घालून येते.' 'मला तो आजार आहे ज्याचं नाव मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. गोळ्या चालू आहेत. कुणाला लागत नाही तो, डॉक्टरांनी सांगितलंय.' 'छातीची गाठ काढली, तेव्हा रजा घेतली होती ती बहिणीचं लग्न सांगून.' आउरिस्तेलाला ते लग्न आठवत होतं. तिनं अभिनंदन केलं होतं.

तिला वाटलं, आता आणखी धक्का बसायला अंगात जागा उरली नाही. तेव्हा ती चिठ्ठी हाताला लागली.

'आठ वर्षं झाली, हातांचे सांधे सुजतात. सकाळी बोटं मिटत नाहीत. इंजेक्शनं पोर्तोविएहोला जाऊन घेते. मी कोण ते शोधू नये.'

अक्षरं मोठी, वेडीवाकडी, डाव्या हाताची. पण त्यातला प्रत्येक एस उलटा होता, आरशात बघून काढावा तसा. ही खोड जगात एकाच माणसाला होती. लहानपणी अंगणातल्या मातीवर काडीनं अक्षरं गिरवायला बसवलं की एदिल्मा एस उलटाच काढायची, आणि मोठी बहीण म्हणून आउरिस्तेला तिच्या बोटांवर ती काडी मारायची.

एदिल्मा. दुसऱ्या टेबलावर उभी राहणारी, सख्खी धाकटी बहीण. दर रविवारी जेवायला एकत्र बसणारी. जिचं तबक नेहमी कमी भरायचं, जिला आउरिस्तेला सगळ्यांदेखत म्हणायची, 'माझी बहीण असून अशी आळशी!' मागच्याच रविवारी तिच्या हातून कालवणाचं भांडं सुटलं होतं, आणि आउरिस्तेला म्हणाली होती, 'तुझ्या हातात जीव आहे की लोणी?'

ती पायातल्या सपातांनीच निघाली. तीन गल्ल्या ओलांडून एदिल्माच्या घरात शिरली. दार उघडंच होतं. एदिल्मा स्वयंपाकघरात बसली होती, दोन्ही हात गरम पाण्याच्या टोपात बुडवून. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी सुजलेली. बहिणीला बघून तिनं हात झटकन काढायला पाहिलं, पण ते झटकन निघेनात.

"भांडी घासत होते," एदिल्मा म्हणाली.

टोपात भांडं नव्हतं.

आउरिस्तेलानं चिठ्ठी टेबलावर ठेवली. एदिल्मानं ती बघितली आणि हसली. "उलटा एस. डाव्या हातानंही उलटाच आला, बघ."

"रोज असं होतं?"

"रोज. कामाच्या दिवशी तीनला उठते. पाण्यात हात घालून बसते. सहापर्यंत बोटं मिटायला लागतात, सुरी धरता येते."

"रोज तीनला? आठ वर्षं?"

"रविवारी साडेसहाला. चर्च उशिरा असतं."

आउरिस्तेला धपकन खुर्चीत बसली. "मला का नाही सांगितलंस गं? माझ्या पाठची तू. मला नाही सांगायचं तर कुणाला?"

"कुणाला सांगायचं होतं?" एदिल्मानं शांतपणे विचारलं. "ताईला की बाईला? फाटकाच्या आत ताई म्हणायचं नाही, हे तूच सांगितलंस. आणि ताईला सांगितलेलं बाईला कळल्याशिवाय राहिलं असतं का?"

टोपातलं पाणी कोमट झालं होतं. आउरिस्तेला उठली, चुलीवरचं आधण आणून त्यात ओतलं, स्वतःचा हात घालून चटका बघितला, आणि बहिणीची बोटं एकेक करून पाण्यात उघडू-मिटू लागली. त्या रविवारी दोघी चर्चला गेल्या नाहीत.

सोमवारी तिनं इंजिनिअर साल्तोसच्या टेबलावर तो कागद ठेवला. सहीची जागा कोरी.

"हे काय?"

"नाही घेतली सही. बाई आजारी आहे, प्यायलेली नव्हती. मी सगळ्यांसमोर तसं म्हणाले ते खोटं होतं, ते मी मागं घेते. आणि साहेब, माझ्या हाताखालच्या चौसष्टांपैकी सदतीस जणींना कायमची दुखणी आहेत. लपवून काम करतायत."

साल्तोस खुर्चीत मागं रेलला. "कोण कोण?"

"नावं नाहीत. असती तरी दिली नसती."

"आउरिस्तेलाबाई," तो जरा हसून म्हणाला, "तुम्हीच मला शिकवलंत. मी इथं नवा होतो, त्या फेफऱ्याच्या मुलीच्या वेळी. तुम्ही म्हणालात, साहेब, हा कारखाना आहे, दवाखाना नाही. मला फार पटलं होतं. मी ते वरच्या बैठकीतसुद्धा सांगितलंय."

आपलंच वाक्य त्या इस्त्रीच्या सदऱ्यातून बाहेर पडताना आउरिस्तेलानं ऐकलं. तिच्यासमोर एक सभ्य, हसरा माणूस बसला होता आणि तिच्याच तोंडानं बोलत होता.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "चुकीचं म्हणाले होते. आता मला एक महिना द्या. बिल्ले बंद. दर दोन तासांनी दहा मिनिटं बाहेर बसायला, सगळ्यांनाच, म्हणजे कुणाचं काय ते कुणी विचारणार नाही. डॉक्टरांच्या खोलीतलं शीतकपाट औषधांसाठी, आणि डॉक्टर नसतील त्या दिवशी किल्ली कोलोनकडे. दाराबाहेर गूळ, रस, पाणी. प्रत्येक टेबलाला चार उंच स्टुलं. ज्यांना सुरी धरवत नाही त्यांना डब्यांची झाकणं तपासायला बसवायचं."

"आणि वजन कमी भरलं तर?"

"तर माझी शिट्टी घ्या."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"मग सदतीस जणींना उद्याच काढा, साहेब. जहाजं बुधवारी लागतायत. मासा तुम्ही आणि मी सोलू. मला येतो. तुम्हाला यायला आठवडा लागेल."

साल्तोसनं राजीनाम्याचा कागद उचलून खणात टाकला. "एक महिना," तो म्हणाला. "एक दिवस जास्त नाही."

तो महिना काही सुखाचा गेला नाही. पहिल्या आठवड्यात वजन घटलं आणि आउरिस्तेलाची झोप उडाली. दोघी-तिघी दहाच्या जागी वीस मिनिटं बसू लागल्या. त्यांना मेल्बानंच असं फैलावर घेतलं की परत तसं झालं नाही. चहाड्या झाल्या, रुसवे झाले, स्टुलांवरून तर हमरीतुमरी झाली. दुसऱ्या आठवड्यात वजन पहिल्याएवढं आलं. चौथ्या आठवड्यात थोडं वर गेलं, आणि बोट कापल्याच्या घटना निम्म्यावर आल्या. साल्तोसनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, पण महिना संपल्याचंही बोलला नाही. एदिल्मा झाकणं तपासायला बसली. पहिल्याच दिवशी तिनं फुगलेले नऊ डबे वेगळे काढले. नजर तिची लहानपणापासून तीक्ष्ण.

ओलांदा एकोणीस दिवसांनी परत आली. आउरिस्तेला तिच्यापुढं गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझं चुकलं. मला माफ कर." ओलांदा म्हणाली, "कुठल्या टेबलावर उभी राहू, बाई?" त्यापलीकडे त्या दोघींत कामाशिवाय कधी बोलणं झालं नाही.

आउरिस्तेलाच्या मनात एक नाव मात्र टोचत राहिलं. कारखान्याच्या जुन्या वह्यांत नार्सिसाचा पत्ता हारामिहोचा होता, कोळ्यांच्या वस्तीतला. एका शनिवारी ती तिथं गेली. जाताना तिनं ठरवलं होतं काय काय बोलायचं: जागा आहे, वाफेपासून लांबची, आणि औषधाला शीतकपाट.

घराच्या ओट्यावर एक उंच बाई जाळं विणत बसली होती. तिनं मान वळवली, आणि आउरिस्तेला सगळं पाठ केलेलं बोलणं विसरली. चेहऱ्याची डावी बाजू, गळा आणि खांद्यापासून कोपरापर्यंतचा हात, सगळी कातडी वितळून पुन्हा गोठल्यासारखी होती.

"बसा, बाई," नार्सिसा म्हणाली. "बघून घ्या आधी. सगळेच बघतात. मग बोलू."

"हे... कधी झालं?"

"कारखान्यातून काढलं त्याच्या चौथ्या महिन्यात. दुसरं कुणी कामाला घेईना. मग बंदरावर कोर्विचे तळायला लागले. केळ्याच्या पिठात मासा भरून तळायचे, भर तेलात. झटका आला. कढईवरच पडले."

सुरीचं काम होतं तिचं. गार माशाचं, गार टेबलावरचं. वाफेजवळ उभं करू नका, एवढंच मागितलं होतं तिनं. आउरिस्तेलाच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. चोवीस वर्षांत कुणी तिला रडताना पाहिलं नव्हतं. नार्सिसानं जाळं विणणं थांबवलं नाही.

"मी तुला परत न्यायला आले होते," आउरिस्तेला शेवटी म्हणाली.

"मी नाही यायची. जाळ्यांचं माझं बरं चाललंय. आणि माफीचं म्हणाल तर तेही आज नाही. पुढचं माहीत नाही." मग तिनं विचारलं, "तुमच्याकडे अजून कुणाला झटके येतात?"

"चिठ्ठ्यांत दोघी होत्या."

"त्यातली एक उद्या टेबलाखाली पडली तर काय कराल?"

आउरिस्तेलानं विचार केला. "तोंडात चमचा घालू. हातपाय घट्ट धरू. कांदा हुंगवू."

नार्सिसानं जाळं खाली ठेवलं. "देवा," ती म्हणाली. "अजून काहीच कळत नाही तुम्हाला. गाडीभाडं आणि दिवसाची मजुरी देणार असाल तर येईन. एक दिवस. शिकवायला."

ती पुढच्या शनिवारी आली. चौसष्ट बायका कपडे बदलायच्या खोलीत दाटीवाटीनं बसल्या होत्या. जुन्या बायकांनी तिचा चेहरा बघितला आणि कुणीतरी 'आई गं' म्हणून तोंडावर हात ठेवला. मेल्बा उठली, तिच्याजवळ गेली, आणि जळालेल्या गालाचाच मुका घेतला.

"रडायला नंतर वेळ मिळेल," नार्सिसा म्हणाली. "पडायला कोण तयार आहे?"

कुणी उठेना. मग आउरिस्तेलानं गळ्यातली शिट्टी काढून एदिल्माकडे दिली, आणि गुडघे टेकत टेकत थंड फरशीवर आडवी झाली.

"हात-पाय धरायचे नाहीत," नार्सिसा सांगत होती. "तोंडात काही घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. आजूबाजूचं कठीण, धारदार सगळं लांब करायचं. डोक्याखाली काहीतरी मऊ. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर रुग्णवाहिका. थांबलं की कुशीवर वळवायचं, असं. चला, दोघी पुढं या."

दोघी पुढं झाल्या. एक मेल्बा, दुसरी ओलांदा. ओलांदानं आपल्या स्वेटरची घडी करून आउरिस्तेलाच्या डोक्याखाली सरकवली, एक हात तिच्या खांद्यावर ठेवला, एक कमरेवर.

"जड आहेत बाई," ती म्हणाली.

"मग जोर लाव," फरशीवरून आउरिस्तेला म्हणाली.

खोलीत हशा पिकला. दोघींनी तिला कुशीवर वळवलं.

"चुकलं," नार्सिसा म्हणाली. "हनुवटी वर हवी, नाहीतर श्वास कोंडेल. पुन्हा उताणं करा तिला. पुन्हा पहिल्यापासून."